पिशवीच्या तोंडाची तपासणी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गर्भाशयाच्या मुखाला आमच्याकडच्या बायकांच्या बोलीत शब्द नाही. गर्भाशयाला आहे, त्याला सगळ्याजणी 'पिशवी' म्हणतात. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आली, पिशवी काढून टाकली, असं नळावर उभ्या राहूनही बोलतात. पण त्या पिशवीचं तोंड, जिथून मूल जगात येतं तो जेमतेम इंचभराचा भाग, त्याला नाव नाही. नाव नसलेल्या जागेचं दुखणं सांगायचं कसं? मग 'अंगावरून जातं' एवढंच सांगतात. फार तर 'पांढरं जातं', 'लाल जातं', 'कंबर धरते'. डॉक्टरांनी त्यातून काय ते समजून घ्यायचं. पुष्कळदा तोवर उशीर झालेला असतो.

आज मी बोलणार आहे ते या जागेच्या कॅन्सरबद्दल, आणि त्यातही एचआयव्हीसोबत जगणाऱ्या स्त्रियांबद्दल. दोन्ही विषय असे की, घरात रेडिओ लावलेला असेल तर कुणीतरी उठून आवाज बारीक करील. तसं करू नका, ही आधीच विनंती. पुरुष मंडळींनीही बसून ऐकावं. त्यांच्याशी निगडित एक-दोन गोष्टी पुढे आहेतच.

मी कविता लिहिते. मराठी घेऊन बी. ए. झाले. डॉक्टरकीशी माझा संबंध एवढाच की, आमच्या मोहल्ल्यातल्या बायका दवाखान्यात जाताना मला बरोबर नेतात. कागद इंग्रजीत असतात, डॉक्टर मराठीत बोलतात आणि बायका दखनीत विचारतात. मधे कुणीतरी लागतं. गेली बरीच वर्षं ते काम माझ्याकडे आहे. त्या निमित्तानं जे वाचलं, डॉक्टरांना आणि सिस्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

२००८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक तिघांत वाटलं गेलं. अर्धं मिळालं जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउसेन यांना. एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होतो, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. उरलेलं अर्धं मिळालं फ्रान्सच्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतान्ये यांना, एचआयव्हीच्या शोधाबद्दल. दोन वेगळे विषाणू, दोन वेगळे शोध, पण एकाच वर्षी एकाच व्यासपीठावर. आणि स्त्रीच्या शरीरात हे दोन विषाणू एकत्र आले की काय होतं, तोच आजचा विषय आहे.

आधी एचपीव्हीबद्दल. हा विषाणू फार सामान्य आहे. शरीरसंबंधातून, अंगाला अंग लागून तो पसरतो, आणि संसारात पडलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याचे दोनशेच्यावर प्रकार आहेत. त्यातले डझनभर प्रकार तेवढे कॅन्सरच्या वाटेला नेणारे, आणि त्यातही १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकार एवढे बळजोर की, जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी दहातले सात त्यांच्यामुळे होतात. पण लागण म्हणजे कॅन्सर नव्हे. दहापैकी नऊजणींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत हा पाहुणा हाकलून लावतं. त्या बाईला तो येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. एखादीच्या बाबतीत मात्र तो मुक्काम ठोकतो. मग मुखावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. हा बदल म्हणजे अजून कॅन्सर नव्हे. कॅन्सर व्हायला एरवी पंधरा-वीस वर्षं लागतात. शत्रू पंधरा वर्षं चालत येतो आहे आणि आपल्याला दुरून दिसतो आहे, अशी सवलत फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळते.

आता दुसरा विषाणू. एचआयव्ही शरीरातल्या ज्या पेशी मारतो, त्या सीडीफोर पेशी म्हणजे पहारेकऱ्यांचे जमादार. एचपीव्हीला हाकलण्याचं काम याच पहाऱ्याचं. पहारा ढिला पडला की पाहुणा जात नाही. एकाच्या जोडीला त्याचे आणखी दोन-तीन प्रकार येऊन राहतात, आणि जी वाट पंधरा-वीस वर्षांची, ती औषध न घेणाऱ्या बाईच्या शरीरात पाच-दहा वर्षांत संपते. जगभरच्या आकडेवारीवरून निघालेला हिशेब असा : एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा कॅन्सर होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या देशांत या कॅन्सरच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना एचआयव्हीही असतो. आपल्याकडे प्रमाण तेवढं नाही. पण आपल्या देशात एचआयव्हीसोबत जगणारी माणसं पंचवीस लाखांच्या आसपास आहेत, त्यातली सर्वांत जास्त महाराष्ट्रात, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. एड्सची साथ आली तेव्हा 'एड्सची लक्षणं' म्हणून जी यादी अमेरिकेत तयार झाली, ती मुख्यतः पुरुषांचे आजार पाहून केलेली होती. बायकांचे आजार त्या यादीत बसत नव्हते. म्हणून त्यांना एड्स झालाय असं कागदोपत्री धरलंच जात नव्हतं, आणि त्यामुळे मिळणारी मदतही मिळत नव्हती. तिथल्या स्त्रियांनी, कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, खटले भरले. अखेर १९९३ साली गर्भाशयमुखाचा पसरलेला कॅन्सर त्या यादीत घातला गेला. यादीत नाव येण्यासाठी मरणाऱ्या बाईलाही भांडावं लागतं, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आपल्याकडे १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीची पहिली नोंद झाली. पुढची अठरा वर्षं गरिबाला औषध नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, फुकट द्यायला सुरुवात केली. ज्या सहा राज्यांत आणि दिल्लीत ती प्रथम मिळू लागली, त्यांत महाराष्ट्र होता. त्याआधी बायका क्षयानं जायच्या, जुलाबांनी जायच्या, तिशीत जायच्या. कॅन्सर व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढी त्यांच्या वाट्याला येतच नव्हती. औषधानं त्यांना चाळिशी दाखवली, पन्नाशी दाखवली, सुना आणल्या, नातवंडं दाखवली. आणि आता त्या अशा वयात आल्या आहेत, जिथे या कॅन्सरची गाठ पडते. काहीजणी याचा उलटा अर्थ काढतात : 'गोळ्यांमुळे कॅन्सर होतो' म्हणतात आणि गोळ्या सोडतात. बायांनो, असं मुळीच नाही. गोळ्या लवकर सुरू केल्या, नेमानं घेतल्या, तर पहारा पुन्हा उभा राहतो आणि हा धोका कमी होतो. पण तो शून्य होत नाही. म्हणून गोळ्यांच्या जोडीला तपासणी.

आमच्या गल्लीत एक भाभी आहेत. नाव सांगत नाही. त्यांचा नवरा ट्रकवर होता, २००४ च्या पावसाळ्यात गेला. त्यानंतर भाभींची तपासणी झाली आणि कळायचं ते कळलं. विड्या वळून त्यांनी दोन मुलं वाढवली. गोळीची वेळ एकदाही चुकवली नाही; अजान झाली की गोळी, असा नेम. एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी त्यांना पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी भाभींनी चार महिने पेटीत ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "बीस बरस हो गए जी. मेरेकू अब कायकी तपासणी?"

त्या वाक्यात काय काय होतं पाहा. वीस वर्षं या बाईनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आणि आता कुणीतरी म्हणतं, शरीरसंबंधातून येणाऱ्या विषाणूची तपासणी करा. त्यांना तो प्रश्न तपासणीचा वाटलाच नाही, चारित्र्याचा वाटला. विधवा, सोडून दिलेल्या, वयानं पाळी गेलेल्या, अशा कितीजणी याच कारणानं दवाखान्याची पायरी चढत नसतील. 'आता माझा काय संबंध?' असं त्या म्हणतात आणि सगळ्यांना ते पटतंही.

शास्त्र वेगळं सांगतं. हा विषाणू लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो. एकाच माणसाशी संसार केलेल्या बाईला येऊ शकतो. तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि पहारा ढिला पडला की डोकं वर काढू शकतो. मी भाभींना म्हटलं, "एचआयव्ही तरी घरात आला तेव्हा तुम्हाला कळलं होतं का?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, दुखतं का?

तर दुखतं का, ते आता सांगते.

तपासणीच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली सगळ्यांत साधी. बाईला टेबलावर झोपवतात, अंगावर चादर असते. बदकाच्या चोचीसारखं एक साधन आत घालून वाट थोडी रुंद करतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. त्यावर पातळ केलेलं अॅसेटिक अॅसिड कापसानं लावतात. नाव ऐकून घाबरू नका. हे म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकातलं व्हिनेगर. मिनिटभर थांबायचं. पेशी बदललेल्या असतील तर ती जागा पांढरी दिसू लागते. किंचित चुरचुरतं, बस्स. तिथल्या तिथे कळतं, यंत्र लागत नाही, शिकवलेली नर्सही ही तपासणी करू शकते. दवाखान्यात हिला 'व्हीआयए' म्हणतात. तिची मर्यादा अशी की पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सगळं अवलंबून. शिवाय पाळी गेल्यावर ती विशिष्ट जागा आत सरकते आणि नीट दिसत नाही.

दुसरी तऱ्हा पॅप तपासणी. मुखावरच्या पेशी ब्रशनं अलगद टिपून काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ग्रीसमधून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर पापानिकोलाऊ यांच्या नावावरून हे नाव पडलं. त्यांच्या पत्नीनं, आंद्रोमाखी यांनी, या अभ्यासासाठी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. तपासणीला नाव मिळालं नवऱ्याचं; हे आपलं जाता जाता.

तिसरी एचपीव्हीची तपासणी. नमुना तसाच घेतात, पण शोधतात तो थेट विषाणू. ही सगळ्यांत भरवशाची. आणि तिची मोठी सोय अशी की, यासाठी लागणारा नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते. एक मऊ काडी, पडद्याआड जायचं, आपणच आत फिरवायची, नळीत घालून द्यायची. परक्यासमोर कपडे काढण्याच्या विचारानंच जिचा जीव जातो, तिच्यासाठी याहून मोठी सवलत कोणती? जागतिक आरोग्य संघटनेनंही ही पद्धत मान्य केली आहे. आपल्याकडे सगळीकडे ती अजून मिळत नाही, खर्चही आहे. जिथे ती नाही तिथे व्हीआयए करून घ्यावी. भारी तपासणीची वाट पाहत काहीच न करणं सर्वांत वाईट.

या तपासणीच्या बाबतीत आपल्या मराठवाड्यानं जगाला एक मोठं उत्तर दिलं आहे, आणि आपल्यालाच ते माहीत नाही. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. १९९९ मध्ये तिथे एक अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया. गावांचे ५२ गट पाडले आणि चार भाग केले. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी कुठे होते एवढं सांगितलं. आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल छापून आला. ज्या भागात तपासणी दारात गेली नव्हती, तिथे या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या. जिथे आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी झाली होती, तिथे ३४. एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. ज्वारी खुडणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बायका तपासणीला आल्या, म्हणून जगभरच्या डॉक्टरांना हे कळलं. त्या चौसष्टजणींचं काय, असा प्रश्न मात्र मला सुटत नाही. पुढे जाणत्या लोकांनीही या अभ्यासावर हाच आक्षेप घेतला. शास्त्राला तुलना लागते हे मला समजतं. तरीही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानंच असा दुसरा मोठा अभ्यास केला. तिथे व्हिनेगरची साधी तपासणी, आणि ती करणाऱ्या होत्या शिकवून तयार केलेल्या वस्तीपातळीवरच्या आरोग्यसेविका. त्यानंही मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचे. एचआयव्ही असलेल्या बायकांचं काय, याचा शोध पुण्यात घेतला गेला. प्रयास या संस्थेनं हजाराहून अधिक अशा स्त्रियांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी करून पद्धतींची तुलना केली. एचपीव्हीची तपासणी त्यात सरस ठरली. पण ती नसेल तिथे साध्या डोळ्यांच्या तपासणीवरही काम भागू शकतं, असंही दिसलं.

एवढं सगळं आपल्या राज्यात घडलं, आणि तरी परिस्थिती काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारलं, ही तपासणी कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. आणि २०२२ या एका वर्षात देशात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कॅन्सर झाला, सुमारे ऐंशी हजार गेल्या, असा अंदाज आहे.

इतर स्त्रियांनी तपासणी तिशीपासून सुरू करावी आणि पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. एचआयव्ही असलेल्या स्त्रीसाठी मात्र सुरुवात पंचविशीपासून, आणि एचपीव्हीची तपासणी दर तीन ते पाच वर्षांनी. व्हीआयए किंवा पॅप असेल तर दर तीन वर्षांनी. तुमचे डॉक्टर याहून लवकर बोलावत असतील तर त्यांचं ऐका. पाळी चालू असताना जाऊ नये, आणि आधी दोन दिवस संबंध किंवा आत ठेवायची औषधं टाळावीत. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तपासणी असते ती काही त्रास नसलेल्या बाईसाठी. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काही असेल तर तपासणीच्या शिबिराची वाट पाहू नका. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

एचपीव्हीची तपासणी 'पॉझिटिव्ह' आली तर? हा शब्द या बायकांनी एकदा ऐकलेला असतो, आणि त्या एका शब्दानं त्यांचं आयुष्य दोन तुकडे झालेलं असतं. तोच शब्द दुसऱ्यांदा कानावर पडला की बाई खाली बसते. म्हणून चिठ्ठी हातात देणाऱ्या सिस्टरनं आधी सांगावं की, हा कॅन्सर नव्हे, हा नुसता विषाणू आहे, आणि एचआयव्ही असलेल्या पुष्कळजणींत तो सापडतो. म्हणूनच त्यांच्या बाबतीत लगेच उपचार न करता आधी दुसरी तपासणी करतात, मुख नीट न्याहाळतात, आणि बदल दिसला तरच उपचार. तोही काही मिनिटांचा. बदललेल्या पेशींना गोठवून मारतात, नाहीतर तापलेल्या छोट्या सळईनं मिनिटभरात जाळतात. बदल खोलवर असेल तर तारेच्या कड्यानं तेवढा भाग काढतात. भूल बहुधा त्या जागेपुरती. बाई त्याच दिवशी घरी येते.

भाभींना पांढरा डाग निघाला. जाळून टाकला. रिक्षातून घरी येताना त्या म्हणाल्या, चपाती करताना याहून जास्त भाजतं.

उपचारानंतर काही आठवडे पाणी जातं, जखम भरायला महिनाभर लागतो. या काळात संबंध टाळायचा, आणि टाळणं शक्यच नसेल तर निरोध. एचआयव्ही असलेल्या बाईसाठी हे जास्तच महत्त्वाचं, कारण ओल्या जखमेतून विषाणू अधिक बाहेर पडतो. आता नवऱ्यांनी बसून ऐकावं असं मी म्हटलं होतं, ते यासाठी. बाईला महिनाभर 'नाही' म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला तरी, घरात तो तिच्या एकटीच्या जोरावर टिकत नाही. एका तरुण मुलीनं मला विचारलं होतं, "आपा, तुम्हीच घरी येऊन सांगाल का?" मी गेले. तिचा नवरा खाली मान घालून बसला होता, पण ऐकलं त्यानं.

या कॅन्सरच्या नावानं एक धंदाही चालतो, त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' अशी भीती घालून ऑपरेशन केल्याचं कितीतरी बायकांनी सांगितलं. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी जातो. पेशी बदललेल्या असल्या तरी त्यावरचा पहिला उपाय तो काही मिनिटांचा उपचार आहे, अख्खी पिशवी काढणं नव्हे. तेव्हा कुणी असा सल्ला दिला तर तपासणीचा कागद मागा आणि तो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. हा उद्धटपणा नाही.

आता अडचण कुठे येते, तेही सांगते. एआरटी केंद्र एका इमारतीत, स्त्रीरोग विभाग दुसऱ्या इमारतीत. दोन्हीकडे वेगळा केसपेपर, वेगळी रांग. गोळ्या घ्यायला आलेल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते. दुसऱ्या रांगेत राहिली की पूर्ण दिवस जातो. त्यात भीती, की तिथल्या सिस्टर काय म्हणतील. एका दवाखान्यात मी स्वतः ऐकलं आहे, बाईचा केसपेपर हातात धरून एकीनं दुसरीला व्हरांड्याच्या पार टोकाला ओरडून सांगितलं, "ही एआरटीवाली आहे, शेवटी घ्या." बाकावर बसलेल्या पंचवीस बायकांनी माना वळवल्या. ती बाई तपासणी न करताच निघून गेली. बाहेर गेटजवळ मी तिला गाठलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे बेकायदेशीर आहे, हे सगळ्यांना माहीत असावं. एचआयव्ही असलेल्यांच्या हक्कांचा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याचा आजार तिसऱ्याला सांगता येत नाही, आणि आजारामुळे उपचार नाकारता येत नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरांना आपल्या एचआयव्हीबद्दल जरूर सांगावं, कारण तपासणीचं वेळापत्रक त्यावर ठरतं. पण ते डॉक्टर आणि ती बाई यांच्यात.

दोन रांगांची एक रांग करता येते. आफ्रिकेतल्या झांबियासारख्या गरीब देशानं २००६ पासून ते करून दाखवलं. जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात, तिथेच ही तपासणी, तीही नर्सच्या हातून. आणि त्या नर्स काय करतात, तर कॅमेऱ्यानं पिशवीच्या तोंडाचा फोटो काढतात आणि पडद्यावर बाईला दाखवतात : ही तुझी जागा, हा इथे पांढरा डाग, तो आपण काढतो आहोत. आपल्या शरीराचा हा भाग जिनं जन्मभर पाहिला नाही, जिच्या भाषेत त्याला शब्द नाही, तिला तो दिसतो. वस्तीतल्या सामान्य बायकाच तिथे बाकीच्यांना समजावायला बसतात. आपल्याकडे आशाताई आहेत, एआरटी केंद्रात समुपदेशक आहेत, व्हिनेगर तर किराणा दुकानातही मिळतं. महिन्यातून एक ठरलेला वार एआरटी केंद्रातच तपासणीसाठी ठेवला तर निम्म्या चिठ्ठ्या पेटीत पडून राहणार नाहीत.

घरात मुली असतील तर लसीबद्दलही विचारा. एचपीव्हीची लागण होण्याआधी, नऊ ते चौदा या वयात, ही लस सर्वांत चांगली लागू पडते. २०२२ साली पुण्याच्या सीरम संस्थेच्या लसीलाही मान्यता मिळाली. सर्वसाधारण मुलींना एक किंवा दोन डोस पुरतात, असं आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पण जन्मतः किंवा नंतर एचआयव्ही झालेल्या मुलीला एकावर भागत नाही; तिला किमान दोन, आणि शक्य असेल तर तीन. शिबिरात एकच डोस देऊन 'झालं' म्हणाले तर मुलीच्या एआरटी डॉक्टरांना विचारून घ्या. लस आधीच झालेली लागण बरी करत नाही आणि सगळ्या प्रकारांना अडवत नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलीनंही पंचविशीत तपासणीला जायचं आहेच.

एकदा उपचार झाला की पुष्कळजणी सुटलो म्हणून परत जात नाहीत. एचआयव्ही असलेल्या बाईच्या बाबतीत बदल पुन्हा उमटण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून उपचारानंतर एका वर्षानं पुन्हा तपासणी करावी लागते, आणि ती चांगली आली तरी पुढच्या वर्षी आणखी एकदा. ही तारीख कुठे लिहून ठेवायची, असं एकीनं मला विचारलं. घरातल्या कॅलेंडरवर लिहिली तर सासू वाचते. मी तिला सांगितलं, तुझ्या गोळ्यांच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर लिही. ते पुस्तक तू दर वेळी गोळ्या घ्यायला नेतेसच; खिडकीतल्या ताईंना ते पान उघडून दाखवायचं, तोंडानं काही बोलायची गरज नाही.